युरोपचं हृदय माझ्या हाती

६ जानेवारी, गेंट
आजपासून प्रकल्पाचा समन्वयक मी. पाच देशांतल्या हृदयरोग्यांची माहिती एका साच्यात आणायची. म्हणजे बेल्जियमचा माणूस ग्रीसमध्ये कोसळला, तरी तिथल्या डॉक्टरला त्याची औषधं, ॲलर्जी, सगळं लगेच दिसावं. थोर काम. त्याला माणूसही तसाच हवा. प्रकल्पाचं नाव मीच ठेवलं: कोरुना. थेसालोनिकीच्या डॉ. स्टाव्रुला म्हणाल्या, "अहो वाउटर, हे नाव फोनवर सांगितलं की लोक मास्क शोधायला लागतील." ग्रीकांना विनोद फार सुचतात. नाव कायम.
संकल्प: दिवसाला एकच ईमेल. मीटिंग आटोपशीर. सिगारेट बंद. (घरात.)

२० जानेवारी
पहिली ऑनलाइन मीटिंग. विषय: 'धूम्रपान करणारा' कोणाला म्हणायचं? पोर्तुगालचे डॉ. आब्रांचेस म्हणाले, कॉफीबरोबरची धरू नका, ती कॉफीत मोडते. जर्मनीच्या डॉ. हार्टविगबाईंना 'रोज ओढतो' यातल्या 'रोज'ची व्याख्या आधी हवी. फिनलंडच्या उल्ला-माया गप्प. गॅरेजमागे अधूनमधून ओढणाऱ्याला या गटात टाकणं अन्याय आहे, असं मी तत्त्व म्हणून मांडलं. दुपार गेली. अखेर एकमत झालं: पुन्हा भेटायचं. माझी सहकारी फेम्का म्हणाली, निम्मा वेळ तुम्हीच बोलत होतात. पुढाऱ्याने बोलायचं नाही तर कोणी?

११ फेब्रुवारी
ईमेल एकच पाठवली. मात्र सोबत चौदा फायली. मग त्यांतल्या दुरुस्त्या. मग दुरुस्त्यांतल्या चुकांबद्दल दिलगिरी. दिलगिरी ही ईमेल धरत नाही.
उल्ला-मायांचं पहिलं उत्तर आलं. पूर्ण मजकूर: "नको." फिनिश लोक मनातून फार आपुलकीचे असतात म्हणे.

१८ मार्च
बायको ग्रीट चिडली. रक्तदाबाच्या गोळ्यांची पाकिटं माझ्या कपाटात न फोडलेली सापडली. म्हटलं, गोळी घेतली की मला मीटिंगमध्ये झोप येते. म्हणाली, "बाकीच्यांना गोळीशिवायच येत असेल." लग्नाला तीस वर्षं झाली की बायका टोचून बोलतात. उद्यापासून नियमित घेणार.
उद्या नको. परवा. उद्या भाषण लिहायचंय.

१४ एप्रिल, थेसालोनिकी
सगळे प्रत्यक्ष भेटलो! समुद्राकाठी जेवण. भाजलेला ऑक्टोपस, वर त्सिपुरो, म्हणजे इथली कडक दारू. 'एक युरोप, एक हृदय' हे भाषण सुरू केलं. आब्रांचेसनी मध्येच टाळ्या वाजवल्या. संपलं असं वाटलं त्यांना, पण भावना महत्त्वाची. छातीत जरा जळजळ. ऑक्टोपसच असणार.

१७ एप्रिल, इस्पितळ
ऑक्टोपस नव्हता.
दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावरच कोसळलो. इथे आणल्यावर डॉक्टरांनी विचारलं, कुठली औषधं घेता? म्हटलं, सगळं सिस्टिममध्ये आहे, बघून घ्या. सिस्टिम मीच चालवतो. त्यांनी मला आज वार कुठला ते विचारलं.
मग मी त्यांना प्रकल्पाची उद्दिष्टं समजावू लागलो. तिसऱ्या उद्दिष्टाशी होतो, तर नर्सने तोंडापाशी ॲस्पिरिन धरली. मला ॲस्पिरिन चालत नाही; लहानपणी एकदा घसा सुजून जीव जायची वेळ आली होती. पण ते सांगायला उद्दिष्टं संपायला हवी होती ना!
तेवढ्यात स्टाव्रुला धावत आत आल्या. कानाला फोन, फोनवर ग्रीट. "ॲस्पिरिन नको! थांबा!" हार्टविगबाई दारात उभ्या, चेहरा पांढराफटक.
फोन स्पीकरवर होता, हे नंतर कळलं. ग्रीटने सगळं सांगितलं. रक्तदाब, गोळ्या, गॅरेज. पाचही देशांनी ऐकलं.
स्टाव्रुला दोन दिवस इथेच बाकावर बसून होत्या. त्यांच्याविषयी माझं मत सुधारलं आहे. नावाबद्दल मात्र त्या चुकतातच.

५ मे, गेंट
सक्तीची विश्रांती. लॅपटॉप ग्रीटने बहिणीकडे नेऊन ठेवला. माझ्याशिवाय प्रकल्पाचं कसं होणार? बिचारी मंडळी चाचपडत असतील. शेजाऱ्याकडून फेम्काला फोन केला. काय अडलंय? म्हणाली, "काही नाही, छान चाललंय." मला ताण नको म्हणून खोटं बोलते. गुणी मुलगी.

१५ जून
कामावर रुजू. खोटं बोलत नव्हती.
काम उरकलंय. ओढतो का? हो किंवा नाही. संपली व्याख्या. हार्टविगबाई म्हणाल्या, "ती गोळी पाहिल्यावर मला 'रोज'चं काही वाटेना." उल्ला-मायांनी साचा बांधला. थेसालोनिकीत नोंदवलेली ॲलर्जी इथे गेंटमध्ये लगेच लाल अक्षरात दिसली. मी खुर्चीत बसून ते लाल अक्षर बराच वेळ बघत राहिलो.
पाया भक्कम असला की इमारत आपोआप उभी राहते. पाया कोणी घातला, हे मी बोलून दाखवणार नाही. उद्याच्या मीटिंगमध्ये फक्त सूचित करेन.

१६ जून
सूचित करायला वेळ मिळाला नाही. स्टाव्रुला म्हणाल्या, "वाउटर, आम्ही ठरवलंय. समन्वय फेम्का बघेल. तुम्ही सन्माननीय सल्लागार." मी म्हटलं, रीतसर मत घ्या. घेतलं. पोर्तुगाल हो, जर्मनी हो, ग्रीस हो, फिनलंडचा नुसता अंगठा वर. बेल्जियमतर्फे फेम्काने माझ्याकडे न बघता हात वर केला. असं एकमत मी असताना कधी झालं नव्हतं. म्हणजे, मी होतोच, पण.
मग उल्ला-मायांनी माइक सुरू केला. सगळे दचकले. त्या म्हणाल्या, "वाउटर, तुम्ही आम्हाला जिवंत हवे आहात. ईमेल करू नका."
फिनलंड माझ्याशी पहिल्यांदाच पूर्ण वाक्यांत बोललं होतं.
आभार मानायला लगेच सर्वांना ईमेल केली. परत आली. या गटाला लिहिण्याची परवानगी तुम्हाला नाही, म्हणे.
तांत्रिक घोटाळा दिसतो. फेम्काला सांगायला हवं. ईमेलनेच सांगतो.