चित्रांवरचा जांभळा शिक्का

मंगळवार, संध्याकाळ

इतकी लाज वाटतेय की घास उतरला नाही. मुरबाडच्या डॉक्टरकाकांनी जन्मभर जमवलेली जुनी पुस्तकं आणि चित्रं आमच्या शहापूरच्या वाचनालयाला दिली. आलेल्या प्रत्येक पुस्तकावर शिक्का मारायचा, ही आमची पद्धत. मी चित्रांवरही मारला, तोही समोरून! आज काका बघायला आले, तर मीच तोऱ्यात बोट ठेवून दाखवला. म्हटलं, "आता कोणी चोरणार नाही." जांभळा शिक्का, नेमका चित्रातल्या बाईच्या गालावर. मला कसं दिसलं नाही हे? काका चिडले नाहीत. चष्मा पुसत हळूच म्हणाले, "बरं केलंस गो. पन बाकीच्यांना नको मारू."

मी "हो काका" म्हणाले.

बिनशिक्क्याचं एकही चित्र उरलेलं नाही.