सात नंबरच्या खाटेचा ताप

मी, सुहासिनी अनंत पाटणकर, वय वर्षे एकसष्ट, धंदा निवृत्त परिचारिका, राहणार चिंचवडगाव, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवते. डॉ. गुरुदत्त आपटे यांनी आजच मला तपासले. रक्तदाब एकशे तीस, ऐंशी. नाडी मी स्वतः मोजली, कारण डॉक्टर मोजताना गप्पा मारतात.

१. राहते घर, खोल्या दोन, माझ्या स्वकष्टाचे. ते माझी जुनी विद्यार्थिनी वासंती हिला द्यावे. ती तळेगावला स्टाफ नर्स आहे. पुढच्या खोलीत १९६६ पासून दर रविवारी मी नर्सिंगला जाऊ पाहणाऱ्या मुलींना शिकवते. बहुतेक कामगारांच्या मुली. खाट लावणे, ताप घेणे, प्रवेशाचा अर्ज भरणे, आणि "आमच्यात नर्स चालत नाही" म्हणणाऱ्या बापाला गप्प बसवणे. वर्ग चालू ठेवावा, एवढीच अट.

२. भाचा सुरेंद्र या वर्गाला "बेडपॅनची शाळा" म्हणाला होता. त्याला लोखंडी कपाट द्यावे. बेडपॅनही द्यावे, म्हातारपण कोणाला चुकले आहे?

३. माझे दिवसकार्य करू नये.

४. सोजर भीमराज ओव्हाळ हिच्याबाबत. सोजर माझ्याच रविवारच्या वर्गातून नर्सिंगला गेली. १९७४ साली मी एका खाजगी रुग्णालयात वॉर्ड सिस्टर होते आणि ती तिथेच दुसऱ्या वर्षाला होती. दुपारी चारचा ताप घेणे हे विद्यार्थिनीचे काम. त्या दिवशी मी तिला सिरिंजा उकळायला पाठवले आणि ताप मी घेते म्हणाले. घेतला नाही. पाय दुखत होते, कंटाळा आला होता. बारा खाटांच्या तक्त्यांवर बसल्या जागी ९८.४ चे ठिपके दिले. सात नंबरच्या बाईला एकशे चार होता. संध्याकाळी तिला झटके आले. सुदैवाने वाचली.

ठिपक्याला अक्षर नसते. मेट्रननी काम कोणाचे ते पाहिले आणि सोजरला बोलावले. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सिस्टर, तुम्ही सांगा ना." मी म्हणाले, "मी स्टोअरमध्ये होते." ओव्हाळांच्या मुलीवर कोणी विश्वास ठेवणार नाही हे मला ठाऊक होते, आणि त्याच्याच आधाराने मी सुटले. तिचे नाव पटावरून कमी झाले.

आपली शिफ्ट सुटल्यावर तिचे वडील माझ्या दारात आले. "बाई, माझी पोर खोटं बोलत न्हाई. तुमीच शिकिवलंय तिला." मी त्यांना पाणीसुद्धा विचारले नाही. मला याची लाज वाटते. आठ वर्षे वाटते आहे, आणि आठ वर्षे दर रविवारी मी मुलींना खरेपणा शिकवते आहे.

सोजर आता एका कारखान्यात पॅकिंग करते. वय अठ्ठावीस. तिशीनंतर त्या रुग्णालयाच्या नर्सिंग शाळेत प्रवेश मिळत नाही. माझा सहीचा कबुलीजबाब सोबत जोडला आहे. माझ्या मृत्यूनंतर वासंतीने तो मेट्रनच्या कार्यालयात द्यावा आणि सोजरला परत घ्यावे अशी विनंती करावी.

येथवर साक्षीदारांना वाचून दाखवले. शेजारच्या सरूबाई अंगठा उठवायला आल्या होत्या. त्यांनी हात मागे घेतला. "अवो बाई, तुमी तर ठणठणीत हाय! तुमी मरंस्तवर त्या पोरीचं वय थांबून ऱ्हाणार हाय व्हय?"

मी कागद पुन्हा पुढे ओढला.

५. कलम ४ मधील "माझ्या मृत्यूनंतर वासंतीने" हे शब्द मी खोडले आहेत. खोडाखोड माझ्या हातची असून बाजूला सही आहे. कबुलीजबाब घेऊन मी आत्ता निघते आहे. आधी ओव्हाळांच्या दारात, मग मेट्रनकडे. बाकीची कलमे मी मेल्यावर लागू होतील.

ठिकाण: चिंचवडगाव
सोमवार, दि. १४ जून १९८२, सकाळी साडेदहा

लिहून ठेवणार: सुहासिनी अनंत पाटणकर (सही)

साक्षीदार:
डॉ. गुरुदत्त आपटे (सही)
सरूबाई दत्तोबा चिंचवडे (डाव्या हाताचा अंगठा, कलम ५ ऐकल्यावर उठवला)