थंड, शांत खोली

दादा,

वहिनीला नमस्कार. तुला नाही. मी बरी आहे, काम चालू आहे.

आईच्या नव्या खोलीचं तू पानभर कौतुक लिहिलंस: थंड, शांत, उन्हाचा त्रास नाही, कुणाची वर्दळ नाही. अरे, ते घर मला तोंडपाठ आहे. अशी एकच खोली आहे, जिन्याखालची. तू मला तिथेच कोंडायचास. अंधारात डोक्यावरच्या पावलांवरून मी माणसं ओळखायचे.

आईचे गुडघे कसे आहेत? तिथे वाकूनच शिरावं लागतं, म्हणून विचारते.

हे पत्र तिला तिच्या खोलीत, ताठ उभा राहून वाचून दाखव. जमलं, तर येऊन तुझ्या पाया पडेन. नाही जमलं, तरी येईन. आईला न्यायला.

तुझीच धाकटी