टंकलेखन : विमला पटवर्धन

कोल्हापूर,
१२ मार्च १९७४

विमलाताई,

तुझ्यापुढं कुठल्या तोंडानं येऊ, तेच कळेना झालंय.

आमच्या चळवळीच्या सायक्लोस्टाइल अंकाच्या स्टेन्सिल तू डब्याच्या सुट्टीत, ऑफिसच्या टाइपरायटरवर चोरून टाइप केल्यास. तुझं नाव छापायला नको, असं मी म्हणत होतो. पण अंकातला माझा जोडीदार केरबा भडकला. "बाईनं नुसतं राबायचं आन् नाव न्हाय? मग कसली रं आपली चळवळ?" मला पटलं. तुला न विचारताच छापलं.

रविवारी बिंदू चौकात सतरंजी टाकून पन्नास अंक मांडले. दिवसभरात एकच खपला, तोही नेमका तुझ्या साहेबांनी घेतला. चौथ्या दिवशी तुझी बदली झाली, थेट गडहिंग्लजला!

माझं डोकंच फिरलं. उरलेल्या एकोणपन्नास अंकांवरचं तुझं नाव मी काळ्या शाईनं गिरवून गिरवून खोडलं.

आणि आज माईला तुझं कार्ड आलं. "बदलीचं काय एवढं! जन्मात पहिल्यांदा नाव छापून आलंय माझं. त्र्यंबकला एक अंक पाठवायला सांग की."

ताई, तुझं नाव असलेला अंक आता फक्त तुझ्या साहेबांकडं आहे. उद्या मागायला जातोय. दिला, तर हे पत्र फाडून नुसता अंकच पाठवीन.

तुझा शहाणा भाऊ,
त्र्यंबक