बादलीचं गाणं

४ मार्च, मंगळवार

काल लिहिलं ते चुकीचं आहे. बाबा स्टुडिओत शब्द विसरला नाही. आज रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं, कागद समोर ठेवून. कागदावर आहे तेच त्याने गायलं — अक्षर न अक्षर. घोळ कागदावरच आहे. त्यावर अजून भुसा आहे!

नीट लिहून ठेवते. आमच्या घरी आधी चाल येते. ती निसटू नये म्हणून बाबा तिच्यात कानावर पडेल ते कोंबतो — आईची बोलणी, शेजाऱ्याचा फोन, काहीही. हा भुसा. महिना-दोन महिन्यांनी तो काढायचा आणि खरे शब्द भरायचे. बारा वर्षांची होईपर्यंत मी घरीच शिकले. गणित आईकडे, भाषा बाबाकडे. भाषेचा गृहपाठ एकच: भुसा काढ, शब्द भर. शाळेत गेल्यावर मी निबंधाच्या तासाला बाईंना विचारलं होतं, ‘याची चाल कुठली?’

तर रेकॉर्ड झालेलं गाणं असं: ‘नळ बंद कर, बादली भरली. बंद कर ना — बादली भरली.’ हे वाक्य माझं आहे! नोव्हेंबरात बाबा नळ सोडून गिटार घेऊन बसला, तेव्हा मी ओरडले होते.

दणकेकाका — ड्रम वाजवतात, बाबाचे तरुणपणापासूनचे मित्र — काचेपलीकडे रुमाल काढून रडत होते.

५ मार्च

रेकॉर्ड कंपनीतल्या बाईंना अल्बमच्या पुस्तिकेसाठी एक पान हवंय: बाबाची गाणी चाळीस वर्षांत कशी बदलत गेली. ‘तू घरातलीच, तुला सोपं.’ सोपं!

आतापर्यंतचा मजकूर: विशीत त्याला सगळं पाडायचं होतं. भिंती, कुलुपं, खुर्च्या. त्याजागी काय आणायचं, हे एकाही गाण्यात नाही. (हे ठेवावं का? बाबाला लागेल. खोडलं. पण खरं आहे. पुन्हा लिहिलं.) तिशीत एकाच बाईची माफी, सलग दोन अल्बम. आई म्हणते, ‘माफी स्टेजवर, आणि ओला टॉवेल गादीवर.’ चाळिशीच्या तोंडावर मी झाले. मग माझे दात, माझा ताप, माझी सायकल. चाहते म्हणाले, वाघाचं मांजर झालं. पन्नाशीत गुडघे गेले. उड्या बंद, म्हणून लय उतरली. समीक्षकांनी लिहिलं, ‘चिंतनशील वळण’.

आणि आता साठी उलटल्यावर — बादली.

६ मार्च

वर्तमानपत्रातली मुलगी मुलाखतीला आली होती. कंपनीने तिला गाणं ऐकवलंय. ‘सर, ही भरलेली बादली म्हणजे आपलं आयुष्यच ना?’

बाबा म्हणाला, ‘हं.’

त्या ‘हं’चा अर्थ मी जेवणापर्यंत लावत बसले. त्याला भुसा राहिल्याचं माहीतच नसेल तर? अल्बम बाहेर येणार, कुणाच्या तरी लक्षात येणार, आणि चाळीस वर्षं गाणाऱ्या माणसाला लोक हसणार. आणि मला माहीत असून मी गप्प होते! बाकीची आठ गाणी १७ तारखेला रेकॉर्ड होणार आहेत. त्याआधी सांगायलाच हवं.

७ मार्च

नाही सांगितलं. तो दाढी करत होता. गळ्यापाशी ब्लेड असताना माणसाला असलं काही सांगू नये.

८ मार्च

नाही सांगितलं. आज कारणही नाही.

९ मार्च, रविवार

आईला विचारलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

‘भुसा राहिला? मग काय झालं! “दार उघडा”मध्ये तरी कुठे शब्द होते?’

मी चादरीचं टोक धरलेलं, ते सोडूनच दिलं. ‘दार उघडा, नाहीतर तोडू!’ — त्याचं सगळ्यात गाजलेलं गाणं! त्यावर मैदानंच्या मैदानं मुठी उगारतात. संपकऱ्यांनी कारखान्याच्या फाटकावर म्हटलेलं आहे.

‘तुझी आत्या बाथरूममध्ये केस धूत होती,’ आई म्हणाली, ‘आणि हा बाहेर. स्टुडिओ मिळाला दुसऱ्याच दिवशी. शब्द भरायला वेळ कुठे होता?’

‘पण आई, त्यातला राग?’

‘राग खरा होता गं. तासभर ताटकळला होता. ते टोक धर.’

माझ्या पानाचा पहिला परिच्छेद गेला.

११ मार्च

सांगितलं! बाबा टेबलाशी गिटारच्या तारा बदलत होता.

‘बाबा, बादलीत भुसा राहिलाय.’

मान वर न करता म्हणाला, ‘माहितेय.’

‘मग?’

‘मला वाटलं, कुणीतरी म्हणेल, अरे काय गातोयस हे! कुणी म्हणेचना. वर दणक्या रडायला लागला. रडणाऱ्या माणसाला काय सांगू, नळ चालू राहिला होता म्हणून?’

मला हसू आलं. त्याला नाही आलं. तार पिळत राहिला. मग म्हणाला, ‘बाकीची आठही तशीच आहेत. चाली येतात गं, धो धो येतात. शब्द नाही. लिहायला बसलो की वाटतं, हे मी म्हणून झालंय. पाडा म्हणून झालं, माफ कर म्हणून झालं, झोप बाळा म्हणून झालं.’

मी तारांची वेटोळी गोळा करत बसले.

‘तू भरून बघतेस? गृहपाठ समज.’

‘आणि नाही जमलं तर?’

‘तर बादल्या. आवडतायत लोकांना.’

हे म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

१३ मार्च

चार भरली. पाचवं अर्धं. चालीत बरोब्बर बसतायत! जेवायचं विसरले. आई: ‘बापासारखी दिसायला लागलीस. अंघोळ कर.’

१४ मार्च, शुक्रवार

आठही झाली. नाश्त्याला बाबाने गाऊन बघितली, वाचायचा चष्मा लावून.

पहिलं माझ्या मते सगळ्यात चांगलं: ‘विचारून जन्म दिला नाहीत, आता विचारून जगू का?’ त्याने जीव तोडून गायलं. आई बाल्कनीत गेली, तिचे खांदे हलताना काचेतून दिसत होते. बाबाने चष्मा काढला.

‘बासष्टाव्या वर्षी मी हे विचारतोय कुणाला?’

दुसरं घेतलं. ‘घराची किल्ली मला द्या —’ थांबला. ‘घर माझ्याच नावावर आहे गं.’

तिसरं दणकेकाकांना फोनवर ऐकवलं. ते ओरडले, ‘शब्द झकास रे! फक्त मधे तू येतोयस!’

बाबाने फोन ठेवला. कागद नीट जुळवून माझ्यापुढे सरकवले. ‘चांगले आहेत,’ म्हणाला. ‘खरंच चांगले आहेत. पण हे म्हणणारा माणूस मी नाही.’ मग म्हणाला, ‘जाऊ दे. भुशासकटच गातो.’

अर्धी बशी तशीच टाकून उठला. मी मुद्दाम त्याच्या वयाचं लिहायचा प्रयत्न केला, दुपारभर. एक ओळ आली नाही. मला कुठे काय म्हणून झालंय!

१५ मार्च, शनिवार

घरी कुणी नव्हतं. आठही गायले. आधी पुटपुटत. शेजारच्या आजोबांनी भिंतीवर थापा मारल्या, तेव्हा कळलं की पुटपुटणं कधीच संपलंय. ठरलं. बादली त्याची, ती आहे तशी राहू दे. ही आठ मी गाणार.

सोमवार, १७ मार्च, स्टुडिओच्या दारातच बाबाला सांगायचं: गिटार तू वाजव.