पागोट्या मागं वळत न्हाई

शहागड,
दि. ३ मार्च २०२५

ती. स्व. सोमामामास,
तृप्तीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. तू माझा नंबर ब्लॉक केलास, आईचा केलास, पप्पांचा तर सगळ्यात आधी. पत्र काही ब्लॉक करता येत नाही, म्हणून शाळेत शिकलेली ही विद्या बाहेर काढली. वडीगोद्रीचा हरिओम रोज जालन्याला एमआयडीसीत येतो, तो तुझ्या बियाण्याच्या कंपनीच्या गेटवर हे तुझ्या हातात देईल. त्याला चहा पाज.

बातमी कानावर आली असेलच. माझं लग्न ठरलं. मुलगा परतूरचा, तारीख १८ एप्रिल. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो हे मी तुला सांगायचं का? मला सख्खा मामा एकच, आणि तो दोन वर्षं झाली आजीवर रुसून जालन्यात खोली करून बसलाय. आई म्हणते, तिच्या चुलतभावाला उभं करू. त्या माणसानं दर भेटीत मला माझं नाव विचारलंय. मी आईला साफ सांगितलं, पाठीशी सोमामामा नसेल तर मी अंतरपाटापाशी जाणार नाही. तेव्हापासून ती कपाळाला हात लावून बसली आहे आणि पप्पा माझ्याशी फक्त जेवणापुरतं बोलतात.

दुसरं म्हणजे, वडीगोद्रीला आजीच्या कोठीत आपला तो हातातला गेम सापडला. तू शहागडच्या धाब्यावर ट्रकवाल्याकडून घेतलेला, जपानी कॅसेटवाला. सेल घातले आणि लागला की. तोच लाल फडकं बांधलेला पागोट्या, नदीतल्या होड्या गिळणारा ढेरपोट्या बेडूक, आणि अख्ख्या गावाचे दिवे खाऊन बसलेला पाखरांचा राजा काजळ्या. एक अक्षर वाचता येत नव्हतं म्हणून नावंही आपणच ठेवली आणि गोष्टही आपणच रचली. सुरुवातीला घराच्या दारात हात उगारून उभी असते ती म्हातारी आठवते? नाव घेऊन हाका मारते आणि ओ दिली की माणूस मरतो, ती हाकमारी हीच, असं तू म्हणायचास. मी डोळे झाकून घ्यायचे.

सहाव्या टप्प्यातला काळा बोगदा मात्र तेव्हाही पार झाला नाही आणि आताही होईना. आत शिरलं की सगळा काळोख, पागोट्या खड्ड्यात, आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून. माझं डोकं उठलंय. लग्नाचं तू मनावर घेशील तेव्हा घेशील, बोगद्याचं तरी सांग.

लोभ आहे का ते विचारत नाही, आहेच असं धरून चालते.
तुझी,
तृप्ती

*

जालना,
दि. ९ मार्च २०२५

चि. तृप्तीस,
सोमामामाचे अ. उ. आ.

हरिओमनं गेटवर सगळ्यांसमोर पत्र हातात ठेवलं. सुपरवायझरनं विचारलं, कोर्टाची नोटीस आली का म्हणून. हितं आधीच डोकं ठिकाणावर न्हाई. बियाण्याला रंग लावायच्या मशीनवर टाकलंय मला. होळीच्या आधीच हात गुलाबी झालेत, भाकर खाताना सुद्धा तोच वास येतो. वर खोलीमालक पाण्यासाठी रोज कटकट करून राह्यला.

लग्न ठरलं, आनंद वाटला. पण यायचं म्हंजे मायसमोर उभं राह्यचं, ते माझ्याच्यानं होणार न्हाई. तुला अर्धंच माहीत असंल म्हणून सांगतो. दादांनी, तुझ्या आजोबांनी, लावलेली मोसंबी वाळून गेल्ती. दोन उन्हाळे मी टँकरनं पाणी घालून पाह्यलं, सगळा खर्चा मातीत गेला. शेवटी जेसीबी लावून झाडं काढली. माय तवा तुमच्याकडं शहागडला आल्ती. परत आली, बांधावर उभी राह्यली आणि म्हणाली की तू आज बापाला दुसऱ्यांदा पेटवलंस. माझे वडील काय माझे कोणी नव्हते? मी बॅग भरली आणि गाडी काढली.

इथवर सगळं अक्का, तुझी आई, सांगत असंल. पुढचं ऐक. मी फाटकातून निघालो तं मायनं मागून हाक मारली. निघालेल्या माणसाला मागून हाक मारत न्हाईत. केशरबाई आजीनं, दादांच्या मायनं, त्या घरात सगळ्यांना हेच शिकवलं, मायला तर लग्न होऊन आल्यापासून. तिला बराबर माहीत होतं. मी वळलो न्हाई. आणि हायवेच्या वळणावर गाडी अशी आडवी झाली की मनगटच मोडलं. आता तूच सांग, जाणाऱ्या लेकराचं असं कोण करतं? रागात बोलली ते मी विसरलो असतो. ही हाक न्हाई विसरत.

बोगद्याचं म्हणशील तं ढेरपोट्या मेल्यावर शिट्टी मिळती, ती आत जाऊन वाजवून बघ. पागोट्याला डावीकडं मातर नेऊ नको. केशरबाई आजी मागं बसून ओरडायची ते ध्यानात हाये ना? घरातून निघाला ना तो, मंग माघारी फिरवू नको म्हणायची.

आशीर्वाद पत्रातून घे, मामा काही येणार न्हाई. तरी लोभ कमी करू नको.
तुझा,
सोमामामा

*

शहागड,
दि. १७ मार्च २०२५

ती. स्व. सोमामामास,
तृप्तीचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या शिट्टीनं काही झालं नाही. वाजवली की पागोट्या थांबतो, मान हलवतो आणि पुन्हा खड्ड्यात पडतो. मेडिकलवर गिऱ्हाईक नसलं की मी तेच करत बसते. परवा एका म्हाताऱ्यानं खोकल्याचं औषध मागितलं, तर मी त्याला थांबा म्हटलं, बोगद्यात आहे. मालकानं ऐकलं. आता गेम घरी ठेवून यायचं असा हुकूम आहे.

शेवटी वैतागून मी फोनवर शोधलं. हा गेम जगात फार कोणाला माहीतच नाही, पण एका जपानी माणसानं चित्रं काढून काढून सगळं लिहून ठेवलंय. मोबाईलनं मराठी करून दिलं ते निम्मं भयंकर होतं, तरी समजलं. पागोट्या हा गावात दिवे लावणाऱ्याचा मुलगा. बाप वारलाय. काजळ्यानं दिवे खाल्ले म्हणून तो घरातून निघालाय.

आणि मामा, ती हाकमारी नाहीच. ती त्याची आई आहे. हात उगारलेला नाही, ती त्याला थांब म्हणते आहे. तिच्या डोक्यावर अक्षरं उमटायची आणि आपण म्हणायचो शिव्या देते, त्या अक्षरांचा अर्थ कंदील राहिला असा आहे. निघाल्या निघाल्या डावीकडे दोन पावलं माघारी जायचं, तिच्यापुढं उभं राहायचं, की ती शालीखालून कंदील काढून देते. तो असला की बोगद्यात उजेड. बस, एवढंच. जगातलं कुठलंही पोरगं चुकून डावीकडचं बटण दाबेल. आपण इतकी वर्षं दाबलं नाही, कारण केशरबाई आजी मागं बसलेली. मला हसावं की गेम भिंतीवर आपटावा कळेना.

मी अजून कंदील घेतलेला नाही. बोगदा दोघांनी मिळून पार करायचा असं ठरलं होतं. तू ये, मग घेऊ.

आईनं चुलतभावाला टोपी-टॉवेल आणून ठेवलाय. बघ बाबा.

राग आला तरी लोभ राहू दे.
तुझी,
तृप्ती

*

जालना,
दि. २४ मार्च २०२५

चि. तृप्तीस,
सोमामामाचे अ. उ. आ.

गेमवरून मला अक्कल शिकवायलीस का? मी काय इतका येडा हाये का, तू कुठून कुठं नेऊन राह्यलीस ते न कळायला? पागोट्याच्या मायच्या शालीखाली कंदील होता. माझी माय रिकाम्या हातानं होती. मी वळलो न्हाई, पण गाडीच्या आरशात बिलकुल साफ दिसत होतं. दोन्ही हात वर करून ओरडत होती. काय ओरडली ते गाडीच्या आवाजात ऐकू आलं न्हाई, पण कोणी आशीर्वाद असा देत न्हाई.

आणि एक सांग. मनगट प्लास्टरमधी होतं तवा सगळ्यांचे फोन आले. अक्काचा, तुझ्या पप्पाचा, त्या चुलतभावाचा सुद्धा. मायचा आला का? आजपर्यंत एकदा तरी आला का? तुमचे नंबर मी नंतर ब्लॉक केले. तिचा केलाच न्हाई. अजून बी केला न्हाई. मंग कुणाची चूक, बोल.

तू तिला काही विचारायला जाऊ नको. जुनी खपली काढू नको. लग्नाचं जल्दी कोणतरी ठरवून टाका आणि मला मोकळं करा.

हात गुलाबी हायेत म्हणून कागदाला डाग लागले. लोभ आहे तेवढा असू दे.
तुझा,
सोमामामा

*

वडीगोद्री,
दि. २ एप्रिल २०२५

ती. स्व. सोमामामास,
तृप्तीचा शि. सा. न. वि. वि.

नको म्हणालास म्हणूनच आले. कालपासून आजीकडे आहे. रुखवताच्या कुरडया घालायला म्हणून आले आणि चीक हाटता हाटता सरळ विचारलं, मामा निघाला त्या दिवशी मागून काय ओरडलीस.

आधी तिनं ऐकलंच नाही असं दाखवलं. मी दुसऱ्यांदा विचारलं. मग पदराला हात पुसून म्हणाली की तुझ्या गाडीचं स्टँड खाली होतं.

हो मामा, स्टँड. रागात गाडी काढलीस आणि साइड स्टँड वर करायचं विसरलास. ती हात वर करून स्टँड, स्टँड ओरडत होती. वळणावर गाडी आडवी झाली ती त्याच्यानं. डोकं फुटलं नाही हे नशीब समज. मला इतका संताप आला की चीक करपला, आणि मग आम्ही दोघी रडलो, आणि कुरडया करपट झाल्या त्या झाल्याच.

पुढचं ती हळूहळू बोलली. स्टँड तिला अंगणातच दिसलं होतं. पण तू निघालेला, आणि निघालेल्याला हाक मारायची नाही. मारू की नको, मारू की नको करत ती उंबऱ्यात थांबली आणि तेवढ्यात तू फाटकाबाहेर गेलास. मग तिला राहवलं नाही. तुझं मनगट आपल्या हाकेनं मोडलं असं ती आजपर्यंत धरून बसली आहे. म्हणूनच फोन केला नाही. गेलेल्याला पुन्हा मागून हाक नको, अजून काही मोडायचं, असं म्हणते. मोबाईल मात्र उशाशी घेऊन झोपते आणि रेंज आहे का ते मला तीनतीनदा बघायला लावते. झाडांचं विचारलं तर म्हणाली, वाळलीच होती.

तुम्हा दोघांना समोरासमोर बसवून कानफटात मारावंसं वाटतं. ती मोठी आहे म्हणून तिला नाही, तुला. हाक मारली म्हणून तू दोन वर्षं आला नाहीस आणि हाक मारली म्हणून तिनं दोन वर्षं तुला बोलावलं नाही. केशरबाई आजी असती तर तिच्याशीच भांडले असते.

मला याचं पत्रानं उत्तर नको. पत्रं पुरे झाली. हळद सतराला आहे, मांडव इथंच आजीच्या अंगणात.

लोभ पाठीशी उभा राहून दाखव.
तुझी,
तृप्ती

*

जालना,
दि. २७ एप्रिल २०२५

चि. सौ. तृप्तीस,
सोमामामाचे अ. उ. आ.

पत्र परतूरच्या पत्त्यावर टाकतो. सासरी पहिलं पत्र मामाचं, हे तुझ्या सासूबाईंना सांग. तुझा नंबर खुला केलाय, पण जे लिहायचंय ते मला फोनवर बोलता येणार न्हाई.

पाठीशी उभा होतो तवा अक्षता डोळ्यात जायल्या होत्या. डोळ्याला पाणी त्याचं होतं. हळदीच्या दिवशी कंदील घेऊन सुद्धा तू पागोट्याला खड्ड्यात पाडलंस, ते मातर मी विसरणार न्हाई. उजेड असून पडतीस. गेम मी माझ्याकडं आणलाय. काजळ्याला तू आल्यावर मारू.

मायशी तसं काही बोलणं झालं न्हाई. मी आलो तवा तिनं पाणी दिलं, मनगट हातात घेऊन इकडून तिकडून दाबून पाह्यलं, आणि दुखतं का म्हणून विचारलं. मी म्हणालो, थंडीत दुखतं. तिनं तेल कोमट करून आणलं. दोन वर्षं मी मनात केवढं भाषण तयार करून ठेवलं होतं, त्यातला एक शब्द आठवला न्हाई.

तुमची पाठवणी झाली, मांडव उतरला, अक्का शहागडला गेली. मी दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. माय उंबऱ्यात उभी. पदर तोंडाशी घट्ट धरलेला, जशी काही हाक निघंल म्हणून दाबून धरलीय. मी गाडीवर बसलो, चालू केली. स्टँड वर केलं न्हाई. मुद्दाम. अंगणातून हळू हळू निघालो. आरशात बघत होतो. ती हलंना. फाटक आलं तरी काही न्हाई. वाटलं, आता ही कधीच हाक मारणार न्हाई मला.

मंग आली. सोमा म्हणून अशी ओरडली की शेजारची उषाबाई बाहेर आली.

मी गाडी बंद केली, स्टँडवर लावली आणि माघारी गेलो. ती खूप रागावली. अक्कल कधी यायची, भाचीचं लग्न लावलंस तरी स्टँड कळत न्हाई, असं बरंच बोलली. मी ऐकत उभा राह्यलो. डबा पण ओट्यावर राह्यला होता, तो दिला. त्यात तुमच्या त्या करपलेल्या कुरडया होत्या.

जावईबापूंना नमस्कार. तुझा लोभ आहे तसाच ठेव.
तुझा,
सोमामामा