काका वेळेवर पैसे देतात

मंगळवार, १२ मार्च

प्रिय दादा,

पत्राच्या सुरुवातीला साष्टांग नमस्कार लिहिला की तू म्हणतोस, हिला काहीतरी मागायचंय. म्हणून नुसताच नमस्कार. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिने चढणं बंद कर, म्हणजे तू तरी खाली उतरून दूध आणशील.

माझा गाद्यांचा कारखाना, म्हणजे ती एक खोली, सध्या शांत आहे. फोम कापायचं यंत्र झाकून ठेवलंय. शिवणाऱ्या दोघींना सुट्टी दिली. धाकटीने विचारलं, "ताई, परत बोलवाल ना?" मी हो म्हणाले.

सोफावाल्या काकांनी माझी बिलं दिलेली नाहीत, हे तुला ठाऊकच आहे. त्यांचा राग येतो, पण बाबा गेले तेव्हा सगळ्यांत आधी दारात उभे राहिले ते काकाच. तुझी पहिली नोकरीही त्यांच्याच शब्दावर लागली. गेल्या वर्षी त्यांची मोठी ऑर्डर आली, तेव्हा उधारीवर माल देऊ का, असं मी तुलाच विचारलं होतं. तू कापड कंपनीच्या उधारी खात्याचा मुख्य, तुझ्याइतकं कोणाला कळणार? तू म्हणालास, "मला विचारू नकोस, रिपोर्ट काढून बघ." धंदेवाल्यांची बाजारातली पत कशी आहे, याची माहिती ठेवणाऱ्या कंपनीकडून मी रिपोर्ट काढला. काका दर महिन्याला वेळेवर पैसे देणारे, अगदी धुतल्या तांदळासारखे. मी डोळे मिटून माल दिला.

परवा त्याच कंपनीला मी माझी अडकलेली बिलं कळवली. तिथल्या बाईंचा फोन आला. फार सभ्य बाई. म्हणाल्या, छोटे पुरवठादार सहसा काही कळवत नाहीत, त्यामुळे हा सगळा रिपोर्ट एका मोठ्या पुरवठादाराच्या माहितीवर उभा आहे, आणि त्याच्याकडून नेहमी 'वेळेवर' असंच येतं. नाव सांगता येणार नाही, सोफ्याचं कापड पुरवतात एवढंच.

दादा, काकांना कापड कोण देतं हे मला विचारावं लागलं नाही. तुमच्या कंपनीतून ती माहिती कोण भरून पाठवतं, तेही नाही.

आधी वाटलं, तडक तुझ्याकडे यावं आणि कडाकडा भांडावं. मग मी माझा स्वतःचा रिपोर्ट मागवला. मीही वेळेवर! धंद्याच्या दुसऱ्या वर्षी तुमच्या कंपनीचे पैसे मी किती रखडवले होते, ते मला चांगलं आठवतं. त्याच रिपोर्टवर मला फोम उधारीवर मिळाला, यंत्र हप्त्यावर मिळालं. तुमची कंपनी दिलदार आहे, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर तेव्हाही थोडं कळलं होतं, पण झाकली मूठ सव्वा लाखाची. आता कोणत्या तोंडाने भांडू? आपलेच दात, आपलेच ओठ.

गप्पच राहणार होते. पण काल एका लाकूडवाल्याचा फोन आला. नवा आहे, नुकताच धंदा सुरू केलाय. काकांनी ट्रकभर लाकूड उधारीवर मागितलंय, तुम्ही त्यांना माल देता ना, ते पैसे कसे देतात, असं विचारत होता. आणि मी काय म्हणाले माहीत आहे? "मला विचारू नका, रिपोर्ट काढून बघा."

फोन ठेवला आणि माझी मलाच लाज वाटली.

मी त्याला परत फोन केला आणि काका पैसे देत नाहीत हे सांगितलं. त्याने ट्रक थांबवला. लाकूड नाही म्हणजे काकांचा कारखाना आता बंद पडणार, हे तुला माझ्याहून जास्त कळतं. संध्याकाळी काकांचा फोन आला. ओरडले नाहीत. "तू तरी असं करायला नको होतंस, पोरी," एवढंच म्हणाले.

आज सकाळी त्या बाईंना भेटायला गेले. तुमच्या कंपनीची मी रखडवलेली बिलं आधी सांगितली. त्यांनी विचारलं, मग ती वेळेवर म्हणून कोणी कळवली? दादा, मी तुझं नाव सांगितलं. तुझी निवृत्ती तोंडावर आलीय हे माहीत असून सांगितलं. तू माया केलीस, हे मला कळतं. पण त्या मायेवर विसंबून कोण कोण माल देत होतं, ते तू कधी पाहिलं नाहीस. त्यातली एक मी होते.

त्या बाई गुरुवारी तुझ्या साहेबांशी बोलणार आहेत. त्याआधी तू स्वतः साहेबांच्या खोलीत जाऊन सांग. वहिनीला तर आजच सांग, तिला बाहेरून कळायला नको. मी यायला तयार आहे, पण तू बोलावलंस तरच.

तुझ्यामुळे उभी राहिलेली आणि तुझं नाव सांगून आलेली,
तुझी धाकटी